जुन्या पेपरातली "गुण आला"ची पत्रं खरी होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९०० च्या आसपासचे अमेरिकन पेपर स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, ते चाळताना दर दोन पानांमागे एखादी बाई सांगत असते की मी पाच वर्षं अंथरुणाला खिळले होते, सगळे डॉक्टर झाले, मग अमुक औषधाच्या सहा बाटल्या घेतल्या आणि आता घरातलं सगळं काम मी स्वतः करते, खाली नाव, गाव, कधी कधी फोटोवरून काढलेलं चित्र. ही माणसं खरी होती की कंपनीने बसून लिहिली? आणि त्या काळच्या आजारांवर लिहायचं तर ही पत्रं पुरावा म्हणून वापरता येतील का?

मी शिकले फार्मसी आणि सव्वीस वर्षं कामही तेच, औषधाच्या लेबलवर आणि जाहिरातीत जे दावे असतात ते तपासायचे. त्या कामातूनच जुन्या जाहिराती वाचायचं वेड लागलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या ब्रँडच्या बाबतीत बहुतेक पत्रं खरी होती. माणसं खरी, गावं खरी, सह्याही खऱ्या. हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो कारण आपण धरून चालतो की सगळं बनावट असणार. पण विचार करा, बायकांच्या दुखण्यांवर काढा विकणाऱ्या लिडिया पिंकहॅमच्या जाहिरातीत पत्राखाली चक्क छापलेलं असायचं की मूळ पत्र आणि सही आम्ही ताबडतोब दाखवू शकलो नाही तर ५००० डॉलर देऊ. पोत्यांनी पत्रं येत असताना खोटी लिहायची गरजच काय होती? बनावट पत्रं नव्हतीच असं नाही, छोट्या आणि पळपुट्या कंपन्यांमध्ये भरपूर होती, पण पत्र अस्सल की नकली यातच अडकून राहिलो तर खरी गोष्ट हातातून निसटते. पत्र खरं असूनही माणूस बरा झालेला नसायचा, किंवा बरा झालेला असायचा पण त्या बाटलीने नाही, आणि लबाडी कुठे होती म्हणाल तर पत्र निवडण्यात, ते परत परत छापण्यात, बाटलीत काय आहे ते न सांगण्यात आणि पेपरवाल्यांनी गप्प बसण्यात.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. "पेटंट औषध" म्हणतात पण यातल्या बहुतेकांचं पेटंट कधी नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर घटक जाहीर करावे लागतात, आणि इथे धंदाच गुपितावर चालायचा. नाव, बाटलीचा आकार, लेबलवरचा चेहरा यांचा ट्रेडमार्क घ्यायचे, आतलं मिश्रण कधीही बदलायला मोकळे. म्हणजे १८८५ चं पत्र १९०५ ला छापलं असेल तर दोन्ही वेळची बाटली एकच होती याचीही खात्री नाही.

आता पिंकहॅमबाईंचंच घेते कारण या विषयात त्यांच्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण नाही. मॅसॅच्युसेट्समधलं लिन हे गाव, १८७३ च्या मंदीत नवऱ्याचं दिवाळं निघालं, बाई शेजारणींना मुळ्यांचा काढा करून द्यायच्या तो १८७५ पासून विकायला काढला. मुलं जाहिरातीत हुशार निघाली, बोस्टन हेराल्डमध्ये जाहिरात दिल्यावर मागणी वाढली, आणि १८७९ पासून आईचा चेहराच जाहिरातीत यायला लागला, प्रेमळ, केस नीट विंचरलेली, आपल्याकडच्या एखाद्या मावशीसारखी. काढ्यात ब्लॅक कोहोश, युनिकॉर्न रूट वगैरे तिकडच्या मुळ्या आणि चक्क मेथीचे दाणे. आणि साधारण १८ ते २० टक्के अल्कोहोल, कंपनीचं म्हणणं की ते मुळ्यांचा अर्क उतरवायला आणि टिकवायला आहे. बाई स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या होत्या आणि गिऱ्हाइकांमध्येही दारूबंदीवाल्या बायका भरपूर होत्या.

जाहिरातीत सांगायचे, मिसेस पिंकहॅमना लिहा, तुमचं पत्र बाईच उघडेल, बाईच वाचेल, बाईच उत्तर देईल. हे फार महत्त्वाचं आहे. त्या काळात डॉक्टर बहुतेक पुरुष, बायकांनी अंगावरून जाणं, गर्भाशय उतरणं, पाळीचा त्रास हे कुणाला सांगायचं? आणि सांगितलं तर १८७० नंतर अंडाशय काढून टाकायची शस्त्रक्रिया फॅशनसारखी पसरली होती, त्यात बायका दगावायच्या. अशा वेळी कुणीतरी म्हणतंय की मला मोकळेपणाने लिही, तर बाई लिहिणारच. त्या पत्रांमध्ये जे दुखणं आहे ते मी आजही शांतपणे वाचू शकत नाही, आठ बाळंतपणं, त्यातली चार पोरं गेलेली, उभं राहवत नाही आणि तरी गाईचं दूध काढायला जावं लागतं. हे खोटं नाही. या अर्थाने तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे, दुखण्याचा पुरावा म्हणून ही पत्रं बिनधास्त वापरा, फक्त औषधाचा पुरावा म्हणून वापरू नका.

आणि फसवणूक कुठे झाली बघा. लिडिया पिंकहॅम १८८३ च्या मे महिन्यात वारल्या. "मिसेस पिंकहॅमना लिहा" मात्र चालूच राहिलं, वीस वर्षं. १९०५ मध्ये लेडीज होम जर्नल या मासिकाने लिनच्या पाइन ग्रोव्ह स्मशानभूमीतल्या त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला, तारखेसकट. कंपनीने सांगितलं की आमच्या म्हणण्यातली मिसेस पिंकहॅम म्हणजे सूनबाई. आडनाव तेच असल्यामुळे शब्दशः खोटं काहीच नव्हतं, पण जाहिरातीत चेहरा सासूचा होता आणि लिहिणारी बाई त्या चेहऱ्याकडे बघून लिहीत होती.

गुण का यायचा हे माझ्या विषयातलं आहे म्हणून थोडं थांबते. काही बाटल्यांमध्ये खरंच काहीतरी होतं. पेरुना नावाचं टॉनिक, ओहायोतल्या कोलंबसचे डॉक्टर हार्टमन यांचं, त्यात सुमारे २८ टक्के अल्कोहोल, बिअरच्या पाचसहा पट, ते दिवसातून तीनदा घेतलं तर संध्याकाळपर्यंत बरं वाटणारच. मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप लहान मुलांचे दात येताना द्यायचे, त्यात मॉर्फिन, पोर गाढ झोपायचं आणि आई कृतज्ञतेने पत्र लिहायची, त्यातली काही पोरं पुन्हा उठलीच नाहीत. आणि मग आजाराचा स्वतःचा चढउतार असतो. संधिवात, दमा, मायग्रेन, त्वचेचे रोग हे आपोआप वाढतात, आपोआप उतरतात, आणि माणूस नवीन औषध कधी घेतो तर त्रास अगदी टोकाला गेल्यावर, त्यानंतर उतार पडणारच असतो. पत्र तेव्हाच लिहिलं जातं. सहा महिन्यांनी दुखणं परत आलं की कुणी "आता परत दुखतंय" म्हणून लिहीत नाही, आणि लिहिलं तरी कोण छापणार.

यातलं सगळ्यात गुंतागुंतीचं उदाहरण म्हणजे डॉक्टर विल्यम्स पिंक पिल्स. कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या जॉर्ज फुलफर्ड यांनी १८९० मध्ये या गोळ्यांचे हक्क ५३ डॉलर १ सेंटला घेतले आणि जगभर विकून करोडपती झाले. यांची जाहिरात जाहिरातीसारखी दिसायचीच नाही. बातमीसारखा मथळा, मग "आमचा प्रतिनिधी अमुक गावी मिस अमुक यांच्या घरी गेला तेव्हा त्या झाडलोट करत होत्या", मग आजाराची हकीगत, डॉक्टरांनी हात टेकले, मग शेवटच्या परिच्छेदात गोळ्यांचं नाव. पण गोळीत मुख्य घटक होता लोहाचा क्षार. त्या काळात वयात आलेल्या मुलींमध्ये क्लोरोसिस नावाचा पांढुरकेपणा सर्रास असायचा, तो बहुतेक लोहाच्या कमतरतेचाच, आणि लोह दिलं की तो जातो. म्हणजे पिंक पिल्सच्या पत्रांतल्या फिकट मुली खरंच बऱ्या झाल्या असणार! हे मान्य केलंच पाहिजे. पण लोहाच्या ब्लॉड गोळ्या १८३० च्या दशकापासून कुठल्याही औषधविक्रेत्याकडे स्वस्तात मिळत होत्या, डॉक्टर सर्रास लिहून द्यायचे. आणि त्याच पिंक पिल्स अर्धांगवायूवर, कंपवातावर, मज्जारज्जूच्या आजारांवरही विकल्या जायच्या, तिथे लोहाचा काडीचा उपयोग नाही. फिकट मुलीचं खरं पत्र लकवा झालेल्या म्हाताऱ्याला गोळ्या विकायला वापरलं जात होतं.

आता मेलेल्या माणसांच्या पत्रांबद्दल, कारण तुम्ही पेपर चाळताय तर हे तुम्हाला सापडेलच. शिकागोत अमेरिकन मेडिकल असोसिएशनमध्ये आर्थर क्रॅम्प नावाचे डॉक्टर होते, १९०६ पासून पुढे जवळजवळ तीस वर्षं त्यांनी अशा औषधांची कात्रणं, पत्रं, विश्लेषणं जमवली. त्यांची एक साधी पद्धत होती, क्षयावरच्या औषधाचं प्रशस्तिपत्र घ्यायचं, त्या गावाच्या नोंदणी कार्यालयातून त्या माणसाचा मृत्यूचा दाखला मागवायचा, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापायचे. मृत्यूचं कारण: क्षय. एकाच अंकात एका पानावर किडनीच्या गोळ्यांनी बरा झाल्याचं पत्र आणि दुसऱ्या पानावर त्याच माणसाच्या निधनाची बातमी, असेही नमुने त्यांच्याकडे होते.

हे वाचलं तेव्हा मला माझी आत्या आठवली. मी शाळेत असताना तिला खूप थकवा यायचा, एका शक्तिवर्धकाने बरं वाटलं म्हणून तिने त्या कारखान्याला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं, ते त्यांच्या माहितीपत्रकात छापून आलं, घरात सगळ्यांना केवढा आनंद. दीड वर्षाने ती किडनीच्या विकाराने गेली, थकवा त्याचाच होता. तिचं पत्र त्यानंतरही कितीतरी वर्षं छापलं जात होतं, वडिलांनी दोनदा लिहून कळवलं, उत्तर आलं नाही. तिने एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. म्हणून प्रशस्तिपत्र लिहिणाऱ्यांना कुणी मूर्ख म्हटलं की मला राग येतो.

पण माझ्या मते सगळ्यात वाईट भाग पत्रांचा नाहीच, पेपरांचा आहे. अनेक छोट्या पेपरांच्या कमाईचा मोठा हिस्सा या जाहिरातींचा होता. फ्रँक चेनी नावाचे गृहस्थ, हॉल्स कटार क्युअर या सर्दीवरच्या औषधाचे मालक आणि औषधवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, त्यांनी पेपरांशी करायच्या करारात एक कलम घातलं, लाल शाईत छापलेलं, की तुमच्या राज्यात किंवा देशात पेटंट औषधांच्या विक्रीला अडथळा आणणारा कायदा झाला तर हा करार रद्द. म्हणजे पेपरवाल्याला स्वतःच्या पोटासाठी कायद्याच्या विरोधात उभं राहणं आलं, कुणाला धमकी द्यायची गरजच नाही. पत्रकार मार्क सलिव्हन यांनी ४ नोव्हेंबर १९०५ च्या कॉलियर्स या साप्ताहिकात हे सगळं उघड केलं. त्यात मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेतली हकीगत आहे, बाटलीवर घटक छापायचं बिल चर्चेला आलं, दिवसभर वादावादी झाली आणि दुसऱ्या दिवशी राज्यातले पेपर गप्प, अपवाद स्प्रिंगफील्ड रिपब्लिकनचा. तुम्ही जुन्या पेपरांवर काम करताय तर हे डोक्यात पक्कं ठेवा, पेपरात एखाद्या औषधाविरुद्ध काही सापडत नाही याचा अर्थ तक्रार नव्हती असा होत नाही.

त्याच कॉलियर्समध्ये ७ ऑक्टोबर १९०५ पासून सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्स यांची लेखमाला सुरू झाली होती. त्यांनी लिहिलं की भोळी अमेरिका यंदा या औषधांवर साडेसात कोटी डॉलर घालवणार. पेरुनाच्या जाहिरातीत काँग्रेसचे सदस्य, सिनेटर यांची पत्रं नावानिशी असायची. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारच्या इंडियन खात्याने मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर पेरुना विकायला बंदी घातली कारण लोक ते दारू म्हणून पीत होते, आणि पुढच्याच महिन्यात महसूल खात्याने सांगितलं की हे विकायचं तर दारूचा परवाना घ्या. त्यानंतर कंपनीने त्यात रेचक घातलं.

टीकाकारांचंही डोळे झाकून खरं मानू नका. लेडीज होम जर्नलचे संपादक एडवर्ड बॉक फार धाडसी माणूस, १८९२ पासून मासिकात ही जाहिरात घ्यायचीच नाही असं ठरवलं आणि पाळलं. पण १९०४ मध्ये त्यांनी बफेलोच्या डॉक्टर पिअर्सच्या औषधात अफू, डिजिटॅलिस वगैरे आहे असं एका जुन्या विश्लेषणावरून छापलं, ते त्या वेळच्या बाटलीला लागू नव्हतं, पिअर्स कोर्टात गेले आणि १६००० डॉलर भरपाई मिळवली. मिश्रण बदलत असतं हे वर म्हटलं ना, त्याचा फटका चांगल्या माणसालाही बसला.

तारखांचं एक सांगते, कारण जाहिरातीची भाषा बघून काळ ओळखता येतो. ३० जून १९०६ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी प्युअर फूड अँड ड्रग कायद्यावर सही केली, १ जानेवारी १९०७ पासून तो लागू. त्याने लेबलवर अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन किती ते लिहिणं सक्तीचं झालं. पण तो लेबलचा कायदा होता, पेपरातल्या जाहिरातीला लागू नव्हता, त्यामुळे १९०७ नंतर बाटली बिचकून बोलते आणि पेपरातली जाहिरात पूर्वीसारखीच सुसाट, हा फरक मुद्दाम बघा. १९११ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की "कॅन्सर बरा होतो" असा खोटा दावाही या कायद्यात बसत नाही, कायदा फक्त घटकांबद्दल आहे. मग १९१२ ची शर्ली दुरुस्ती, तिने लेबलवरच्या गुणाच्या खोट्या दाव्यांना बंदी आली, पण त्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करायची अट. आणि विक्रेता काय म्हणायचा, बघा माझ्याकडे हजारो पत्रं आहेत, मला मनापासून वाटतं की गुण येतो. म्हणजे प्रशस्तिपत्र आता जाहिरातच नाही तर कोर्टातला बचावही झालं, आणि पत्रं जपून ठेवायला कंपन्यांना नवीन कारण मिळालं. पेपरातल्या जाहिरातींना खरा लगाम १९३८ च्या कायद्यांनी बसला.

इंग्लंडमधलं थोडक्यात. थॉमस हॉलोवे यांनी १८३७ मध्ये मलम काढलं तेव्हा पहिल्याच जाहिरातींत मिडलसेक्स हॉस्पिटलच्या सर्जनचं पत्र होतं, पुढे ते जाहिरातीवर वर्षाला हजारो पौंड घालवत राहिले आणि धंद्यातल्या कमाईतून कॉलेज उभं राहिलं. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने गुप्त औषधांची विश्लेषणं पुस्तक म्हणून काढली, त्यात बीचम्सच्या ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग निघाली, कोरफडीचा काळा बोळ, सुंठ आणि साबण. डबी विकायची एक शिलिंग दीड पेनीला (फार्दिंग म्हणजे पाव पेनी, आणि बारा पेनींचा एक शिलिंग). पुस्तकाची जाहिरात घ्यायला बऱ्याच पेपरांनी नकार दिला. संसदेच्या समितीने दोन वर्षं साक्षी घेऊन अहवाल दिला तो नेमका ४ ऑगस्ट १९१४ ला, ब्रिटन महायुद्धात उतरलं त्या दिवशी, आणि तो तसाच पडून राहिला.

आपल्याकडे हेच सगळं पोस्टाने पसरलं, १८७७ ला व्ही.पी. सुरू झाली आणि पैसे माल हातात आल्यावर द्यायची सोय झाली, मग मराठी मासिकांच्या मागच्या पानांवर धातुपौष्टिक गोळ्या आणि "हजारो अभिप्राय" आलेच. औषध आणि पेपर किती जवळ होते याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे काशीनाथुनी नागेश्वरराव, यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं आणि १९०८ मध्ये मुंबईतूनच आंध्र पत्रिका हे तेलुगू साप्ताहिक काढलं. आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आपल्याकडे १९५४ चा. त्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिलं तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये म्हटलं की असली व्यापारी जाहिरात म्हणजे घटनेतलं भाषणस्वातंत्र्य नव्हे.

आता कामाचं. एखादं पत्र तपासायचं असेल तर नाव शोधू नका, कारण स्कॅनमध्ये नावं हमखास चुकीची वाचली जातात, त्याऐवजी पत्रातलं एक वेगळं वाटणारं वाक्य घ्या आणि ते क्रॉनिकलिंग अमेरिका, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह या तिन्हीत टाका, तिन्ही फुकट आहेत. तेच पत्र चार राज्यांत दहा वर्षं सापडलं तर सगळ्यात जुनी तारीख टिपा, तीच पत्राच्या खऱ्या काळाच्या जवळची. मग त्या गावची जनगणना आणि शहराची डिरेक्टरी बघा. खेड्यातल्या पेपरात सापडलं तर पानाच्या अक्षरांचा टाइप बाकी पेपराशी जुळतोय का बघा, कारण खूप पेपर अर्धी पानं शहरातून तयार छापून आणायचे आणि त्या पानांवरची जाहिरात गावातल्या संपादकाने निवडलेलीच नसायची. चित्रातला चेहरा दोन वेगळ्या नावांखाली दिसला तर तो ब्लॉक परत वापरलेला आहे. १९१२ च्या ऑगस्टनंतर अमेरिकेत पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर "जाहिरात" असं लिहिणं कायद्याने आलं, त्याआधीच्या बातमीवजा मजकुरावर मुळीच भरवसा ठेवू नका.

आणि कात्रण सेव्ह करताना नुसता जाहिरातीचा चौकोन कापू नका, अख्खा अंक ठेवा आणि पुढच्या दोनतीन वर्षांचे त्याच गावचे निधनवार्तांचे रकाने सोबत वाचा. मला माझ्या आत्यासारख्या अकरा बायका अशाच सापडल्या.